मावशीचं तोंड

“हिच्या तोंडाला काय लागलंय?”

आक्कानं खांद्यावरची झोळीसुद्धा उतरवली नव्हती. पलीकडच्या खोऱ्यात एका अडलेल्या बाळंतिणीपाशी आठ दिवस राहून ती आत्ताच डोंगर चढून मठात आली होती.

“किरकोळ आहे, आक्का,” विश्वंभर म्हणाला. “उपचार चालू केलेत मी.”

“काय लागलंय ते इचारलं मी.”

“ओष्ठव्रण. म्हणजे असं बघा, वाताचा प्रकोप झाला की ओठाच्या ठिकाणी…”

“कुणाला झाला वात? सापाला?”

विश्वंभरनं मनातल्या मनात पानं चाळली.

“ओष्ठव्रणाच्या प्रकरणात सापाचा वेगळा उल्लेख नाही,” तो म्हणाला.

ज्या मावशीबद्दल हे बोलणं चाललं होतं, ती सात फूट लांबीची धामण होती.

डोंगरावरचा तो मठ म्हणजे दोन खोल्या आणि पुढे शेणानं सारवलेली ओसरी. खालच्या वाडीत बारमाही ओल असायची, म्हणून बावीस घरांचं बियाण्याचं भात मठाच्या मागच्या खोलीत, बांबूच्या कणग्यांत ठेवलेलं असे. भातामागं उंदीर आले. उंदरांमागं अकरा वर्षांपूर्वी ही धामण आली आणि राहिली. आक्कानं तिला मावशी म्हणायला सुरुवात केली, मग सगळी वाडीच म्हणू लागली. ती दुपारी ओसरीवर उन्हाच्या पट्ट्यात पडून असायची. लोक तिला ओलांडून आत जायचे.

विश्वंभर मात्र वळसा घालून जायचा.

तो शहरातल्या नावाजलेल्या वैद्यांच्या घरातला. चार ग्रंथ त्याला तोंडपाठ होते. आक्काला अक्षरओळख नव्हती, पण तिच्या हातानं माणसं बरी होतात असं ऐकून तो चार महिन्यांपूर्वी शिकायला म्हणून आला होता. या चार महिन्यांत बहुतेक वेळ तोच शिकवत होता. आक्का भाकऱ्या थापत ऐकून घ्यायची.

आता मावशी ओसरीवर नव्हती. ओसरीच्या कोपऱ्यात एक लाकडी खोकं होतं, त्याच्या तोंडाला तारेची जाळी ठोकलेली होती. मावशी त्या खोक्यात होती.

आक्का खोक्यापाशी उकिडवी बसली.

मावशीच्या वरच्या ओठाचा पुढचा भाग सोलवटला होता. एक खवला उचलला गेला होता. ओठ एका बाजूनं सुजला होता आणि त्यावर पिवळा थर चढला होता.

“हे पिवळं?”

“हळद. गाईच्या तुपात खलून.”

“आनि ह्या मुंग्या?”

“त्या… तुपाला आल्या.”

“आनि ही काडी कसली?”

खोक्याला एक लांब वेताची काडी टेकवून ठेवली होती. तिच्या टोकाला कापूस गुंडाळलेला होता.

“औषध लावायची.”

आक्कानं काडी हातात घेतली. स्वतःच्या हाताशी लावून मोजली. बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत आली, वर वीतभर उरली.

“चांगली लांब हाय,” ती म्हणाली.

विश्वंभरनं वर आढ्याकडं पाहिलं.

“आनि खोकं कशाला केलंस?”

“तिच्या सुरक्षिततेसाठी. तुम्ही नव्हता. मुंगूस आलं असतं तर?”

“मुंगूस दिसलं?”

“दिसलं नाही. पण येऊ शकतं.”

“व्हय,” आक्का म्हणाली. “येऊ शकतंय.”

ती रागावली नाही. विश्वंभरला वाटलं होतं रागावेल, आणि रागावली असती तर द्यायची उत्तरंही त्यानं तयार ठेवली होती. ती उत्तरं तशीच राहिली.

आक्कानं झोळी खुंटीला लावली, पाय धुतले, चूल पेटवली.

“आत्तापर्यंत काय काय दिलंस तिला?”

विश्वंभरला बरं वाटलं. हा त्याचा प्रांत होता. “पहिल्या दिवशी हळद-तूप. दुसऱ्या दिवशी त्रिफळ्याचा काढा. तिसऱ्या दिवशी कडुनिंबाच्या तेलाची पट्टी, ती राहिली नाही. मग पुन्हा हळद-तूप. कालपासून त्यात थोडी तुरटी.”

“लई केलंस.”

“कर्तव्य आहे.”

“आनि खोक्याला काय दिलंस?”

“खोक्याला?”

“जखम खोक्यानं केलीया. औषध तेवढं मावशीला. खोक्याला काही न्हाई?”

विश्वंभर हसला. मग आक्का हसत नाही हे बघून थांबला.

…

तो उठून खोक्यापाशी गेला. पहिल्यांदाच त्यानं मावशीकडं न बघता जाळीकडं बघितलं.

जाळीच्या डाव्या कोपऱ्यात तीन-चार तारा काळपट झाल्या होत्या. त्यांना रक्त वाळून चिकटलं होतं. एका तारेच्या टोकाला नखाएवढा पारदर्शक खवला अडकला होता. तो कोपरा नेमका मागच्या खोलीच्या दाराकडं तोंड करून होता. कणग्यांच्या खोलीच्या.

मावशी आठ दिवस तिथंच तोंड घासत होती. तो रोज जखमेला औषध लावत होता आणि ती रोज जखम नव्यानं करत होती.



“जाळी बदलतो,” तो म्हणाला. “बारीक छिद्रांची लावतो.”

आक्का पीठ मळत होती.

“किंवा आतून कापड लावतो. मऊ. धोतराचं.”

आक्कानं परातीत पाणी घातलं.

“म्हणजे… खोकंच नको?”

“भाकरी एक खानार का दोन?” आक्कानं विचारलं.

विश्वंभरनं पक्कड आणली आणि जाळीचे खिळे उपटायला घेतले. खिळे त्यानं स्वतःच ठोकले होते आणि चांगले घट्ट ठोकले होते. शेवटचा खिळा निघेपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आला. जाळी निघाली. तो दोन पावलं मागं सरला, मग आणखी दोन.

मावशी बाहेर आली नाही. ती जिथं होती तिथंच वेटोळं घालून पडून राहिली.

“आक्का, येत नाही बाहेर.”

“मग तू जा जवळ.”

“मी?”

“वैद्य कोन हाय?”

चुलीवर आक्कानं पाणी उकळलं, त्यात चिमूटभर मीठ घातलं आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट होईतो वाट पाहिली. जुन्या लुगड्याची एक मऊ चिंधी त्या पाण्यात बुडवली. मग खोक्यात हात घालून, जसं झोपलेलं मूल उचलावं तसं, दोन्ही हातांनी मावशीला उचललं.

“बस हितं. मांडी घाल.”

विश्वंभर बसला. आक्का काय करणार आहे हे त्याच्या लक्षात यायच्या आत मावशी त्याच्या मांडीवर होती.

…



ती गार होती. ओली असेल असं त्याला वाटत आलं होतं, ती कोरडी होती, एखाद्या जुन्या रेशमी वस्त्रासारखी. आणि जड होती. तिच्या अंगातून एक सावकाश हालचाल सरकत गेली आणि त्याच्या दोन्ही मांड्या थरथरायला लागल्या.

“थरथरू नको. तिला वाटंल भुई हालतीया.”

“मी थरथरत नाही.”

“बरं.”

आक्का चिंधी पिळून एकेक थेंब मावशीच्या ओठावर सोडू लागली. तोंड उघडलं नाही, दाबलं नाही. थेंब ओठाच्या कडेनं आत झिरपत होते आणि बाहेर पडताना पिवळे होऊन पडत होते. हळद निघाली. तूप सुटलं. दोन मुंग्या वाहून त्याच्या धोतरावर आल्या.

विश्वंभरच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. पुसायची सोय नव्हती.

“आक्का.”

“हं.”

“मुंगसाचं खोटं होतं.”

आक्का थेंब सोडत राहिली.

“मला हिची भीती वाटते. तुम्ही असताना वाटत नाही तेवढी. तुम्ही गेलात, आणि ही ओसरीभर मोकळी… बिनविषारी आहे हे मला ठाऊक आहे. धामणीवरचे श्लोकसुद्धा पाठ आहेत. तरी पण मी त्याच दिवशी वाडीतल्या भरमूला बोलावलं. त्यानंच तिला धरून खोक्यात घातलं. मी नुसते खिळे ठोकले.”

बोलता बोलता त्याच्या मांड्यांची थरथर कमी झाली हे त्याला कळलं नाही. आक्काला कळलं.

“भरमू वाटंत भेटला हुता मला,” ती म्हणाली. “त्यानं सांगितलं सगळं.”

“म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?”

“मला हुतं. तुझ्या तोंडनं यायचं हुतं ना.”

त्याच वेळी मावशीनं तोंड उघडलं. जांभई दिल्यासारखं, रुंद. विश्वंभरनं डोळे मिटले.

“उघड डोळे, बघून घे. हे पुस्तकात न्हाई. आतलं बघ, गुलाबी हाय. चांगलं हाय. हितं दह्यासारखं पांढरं-पिवळं चिकटलेलं दिसलं असतं, न्हाईतर तोंड मिटंना झालं असतं, तर मी आत्ताच्या आत्ता तुला तालुक्याला धाडला असता, ढोरांच्या डाक्टराकडं. हे नुसतं खरचटलंय. हे तिचं ती भरून काढंल.”

तोंड मिटलं. आठ दिवसांनी, तुपातून सुटलेली काळी दुभंगलेली जीभ बाहेर आली. विश्वंभरच्या मनगटाला लागली. पुन्हा लागली.

“चावते का?” त्यानं कुजबुजत विचारलं.

“न्हाई. तिचं नाक त्या जिभंत असतंय. आठ दिस तू तिचं नाक तुपानं बुजवलंस. आता कळतंय तिला, आपुन कुठं हाय ते.”

जीभ तिसऱ्यांदा लागली. विश्वंभरला ते फुंकर घातल्यासारखं वाटलं.

“आता पुढं काय करायचं?” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं.

“सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. प्यायला वाटीत सोच्छ पाणी. खायला काही द्यायचं न्हाई, दहाबारा दिस. तोंड दुखत असताना उंदीर धरला तर उंदीर उलटा चावतोय.”

“आणि?”

“आनि काही न्हाई.”

“काही नाही, हे करायचं कसं?”

आक्कानं त्याच्याकडं नीट पाहिलं. गंमत करत नव्हता तो, खरंच विचारत होता.

“बसायचं,” ती म्हणाली.

तो बसला. पहिल्या दिवशी बसला, दुसऱ्या दिवशी बसला. तिसऱ्या दिवशी आक्का ओढ्यावरून धुणं घेऊन परतली तेव्हा विश्वंभर मावशीपुढं उकिडवा होता आणि त्याच्या तर्जनीवर हिरवा लेप होता.

आक्कानं त्या बोटाकडं पाहिलं.

“कोपर दुखतोय सकाळपासून,” विश्वंभर म्हणाला, आणि तो सगळा लेप त्यानं स्वतःच्या कोपराला चोपडला.

“लाव, लाव,” आक्का म्हणाली. “दुसऱ्या कोपरालाबी लाव. त्यालाबी वाईट वाटाया नगं.”

पाचव्या दिवशी वाडीतून भरमू वर आला. बावीस घरांच्या बियाण्याची जबाबदारी त्याच्याकडं होती. आला तो थेट कणग्यांच्या खोलीत गेला आणि ओरडतच बाहेर आला.

“आक्का! दोन कणग्या कुरतडल्यात! खाली मूठ-मूठ भात सांडलंय. ही हितं पालखीत बसल्यागत बसलीया आनि तिकडं उंदरांची पंगत बसलीया!”

पेरणीला महिनाही उरला नव्हता. बी गेलं तर बावीस घरांनी शेतात काय टाकायचं, हा प्रश्न त्यानं विचारला नाही. तो त्याच्या तोंडावर होता.

“इष घालतो,” भरमू म्हणाला. “उद्या बाजारातनं आनतो. दोन दिसांत एक उंदीर र्‍हानार न्हाई.”

आक्का काही बोलायच्या आत विश्वंभर उठला.

“विष नाही.”

“का?”

“उंदीर विष खाऊन मरणार. मावशी बरी झाली की पहिला उंदीर कुठला उचलेल? जो जागचा हलत नाही तो.”

भरमूनं त्याच्याकडं नवल करून पाहिलं. “वैद्यबुवा, परवापरवापोत्तर तुम्ही हिला बघून तुळशीमागं उभं र्‍हात हुता.”

“अजूनही राहतो,” विश्वंभर म्हणाला. “पण विष नाही.”

“मग मावशी बरी हुईस्तवर उंदरं कोन धरनार? तुम्ही?”

“मी बिळं बुजवीन.”

भरमू हसत हसतच डोंगर उतरला. वाडीत जाऊन त्यानं काय सांगितलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. पोरंबाळं ओढ्यावर विश्वंभरला बघून म्याव म्याव करू लागली.

विश्वंभरनं अंगरखा काढून ठेवला आणि कामाला लागला. दिवसा खोली रिकामी करायची, भिंतीच्या कडेनं ओणवं होऊन चाचपत जायचं, बीळ सापडलं की खूण करायची. एकोणीस बिळं निघाली. उंदीर नुसती माती उकरून पुन्हा येतात, काचा घालून बुजवावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. काचा त्याच्यापाशी भरपूर होत्या. औषधांच्या रिकाम्या बाटल्या त्यानं गोणपाटात गुंडाळून दगडानं फोडल्या. पहिल्या बिळाशी मूठभर काचा घेऊन तो वाकला.

आणि तसाच थांबला.

आक्का दारात उभी होती. 

“ही भिंतीच्या कडेकडेनंच फिरते,” विश्वंभर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. “बिळात तोंड घालून बघते.”

त्यानं सगळ्या काचा गोळा केल्या, मठामागं कमरेएवढा खड्डा खणला, त्यात पुरल्या आणि वर धोंडा ठेवला. मग ओढ्यावरून गोल गुळगुळीत गोटे निवडून आणले. एकेका बिळात गोटे ठोकून बसवले, वरून माती आणि शेण लिंपलं. त्याला सहा दिवस लागले. बोटांची नखं झिजली. सातव्या दिवशी दोन बिळं पुन्हा उकरलेली दिसली, ती त्यानं पुन्हा बुजवली.

मधल्या काळात मावशीच्या ओठाची सूज उतरली. सोलवटलेल्या जागी काळसर खपली धरली. सकाळ-संध्याकाळ ती त्याच्या मांडीवर असायची आणि चिंधी आता विश्वंभरच पिळायचा. आक्का दुसरीकडं बघत शेंगा सोलत बसायची.

बाराव्या दिवशी सकाळी विश्वंभर ओरडत ओढ्यावर धावत आला. पायात वहाणा नव्हत्या.

“आक्का! तिचे डोळे गेले!”

“कुनाचं?”

“मावशीचे! दोन्ही! पांढरे झालेत, दुधासारखे. निळसर. अंगाचा रंगही उतरलाय. मी हात जवळ नेला तर दचकली. मीठ जास्त पडलं असेल माझ्याकडून. काल पाणी मी केलं होतं. मी केलं होतं, आक्का…”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चार महिन्यांत आक्कानं त्याला घामात पाहिलं होतं, रागात पाहिलं होतं, श्लोक म्हणताना पाहिलं होतं. असं पाहिलं नव्हतं.

तिनं हातातलं लुगडं दगडावर ठेवलं.

“खाली बस. आधी दम खा.”

“दम कसला खाऊ? ती आंधळी झाली!”

“ती कात टाकनार हाय, येड्या.”

…

“कात?”

“टाकायच्या आधी असंच हुतंय. डोळं दुधाळतात. चारसा दिसांनी उजळतात, मग दोनतीन दिसांनी ती कात टाकती. लागल्याजागी नवीन कातडी लवकर लागती म्हनून लवकर काढाया घेतली असंल.”

विश्वंभर ओढ्यातल्या दगडावर बसला. पाय पाण्यात गेले तरी त्याला कळलं नाही. मग तो हसायला लागला. हसता हसता त्यानं नाक पुसलं.

“कात मला पाठ आहे,” तो म्हणाला. “त्यावर सात श्लोक आहेत.”

“असतील की.”

“डोळ्यांचं एकातही नाही.”

“ज्यानं लिव्हलं त्याच्या मांडीवर नसंल बसली कुनी,” आक्का म्हणाली आणि लुगडं पिळायला लागली.

ती उठली तेव्हा तिनं ओढ्यातला एक धोंडा दाखवला. खडबडीत, काळ्या कातळाचा, अंगावर खरखरीत खळगे आणि मधोमध खोल फट असलेला.

“हा उचल. मठात न्यायचा.”

“कशाला?”

“मावशीपुढं ठेवायचा. तोंड घासाया.”

विश्वंभर धोंड्याकडं बघत राहिला. गेले बारा दिवस त्यानं ओसरीवर खरखरीत काही म्हणून ठेवलं नव्हतं. दाराच्या उंबऱ्याला चिंधी गुंडाळली होती. झाडणीसुद्धा तिच्या वाटेतून बाजूला ठेवली होती.

“आक्का, खरखरीतावर घासूनच तर तोंड फुटलं होतं.”

“व्हय.”

“आणि आता पुन्हा खरखरीत?”

“तवा तू तिला घासाया लावत हुतास,” आक्का म्हणाली. “आता ती घासनार हाय.”

धोंडा जड होता. विश्वंभरनं तो खांद्यावर घेऊन चढण चढली आणि वाटेत कुठंही टेकवला नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी डोळे उजळले. आठव्या दिवशी, ऊन ओसरीच्या तिसऱ्या खांबापाशी आलं असताना, मावशी हलली. तिनं धोंड्यापाशी जाऊन त्याला जिभेनं हुंगलं. मग वरचा ओठ अगदी हलके त्याच्यावर टेकवला आणि एका बाजूला ओढला.

विश्वंभरचे हात आपोआप पुढं झाले.

आक्कानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. इतकंच.

हात मागं आले.

ओठाच्या कडेला एक पापुद्रा सुटला. मावशीनं दुसरी बाजू टेकवली, ओढली. जखमेची बाजू होती ती. विश्वंभरनं दात आवळले, जणू त्याचाच ओठ ओढला जात होता. पापुद्रा सुटला. मग मावशी धोंड्याच्या फटीतून पुढं सरकू लागली, सावकाश, आणि तिच्यामागं ती स्वतःच उलटी होऊन राहू लागली. कुणी बाही उलटी करून काढावी तशी. डोळ्यांवरचे दोन पारदर्शक गोल सुटले. मान सुटली. पाठ सुटली. आतून निघालेली मावशी काळपट पिवळी, ओली नसून ओली वाटावी अशी चकाकत होती.

अर्धा तास लागला. 

शेपटीचं टोक सुटलं. मावशीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती ओसरी ओलांडून सरळ कणग्यांच्या खोलीत शिरली. आत काहीतरी धडपडलं. एक बारीक चीं झालं. मग शांत.

“आक्का,” विश्वंभर हळूच म्हणाला, “उंदीर उलटा चावला तर?”

“गप बस.”

काही वेळानं मावशी बाहेर आली. मानेच्या खाली हातभर अंतरावर एक चांगला मोठा फुगवटा होता. ती आपल्या उन्हाच्या पट्ट्यात आली आणि पसरली. विश्वंभर तिच्याजवळ गेला, वळसा न घालता, आणि पोटावर आडवा होऊन त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ सरळ होता. खवले एका रांगेत होते. कुठं लागलं होतं, ते माहीत असणाऱ्यालाही शोधावं लागलं असतं. त्याला सापडलं नाही.

त्या आठवड्यात भरमू बियाणं न्यायला आला. कणग्या मोजल्या, झाकणं उघडून मुठी भरून पाहिल्या. दोन कुरतडलेल्या कणग्यांतलं थोडं गेलं होतं, बाकी सगळं जागच्या जागी होतं. तो भिंतीच्या कडेनं फिरला. एकोणीस लिंपलेली बिळं त्यानं बोटानं दाबून पाहिली.

“बोका लई कष्टाळू निघाला,” तो म्हणाला.

“म्याव,” विश्वंभर म्हणाला.

भरमू इतका हसला की त्याच्या डोक्यावरचं पागोटं सुटलं. जाताना तो मावशीला ओलांडून गेला. त्याच्यामागून पोतं घेऊन विश्वंभर निघाला. तोही ओलांडून गेला, आणि तीन पावलं पुढं गेल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं.

बियाणं वाडीत पोचवून तो परत वर आला तेव्हा ऊन उतरत होतं. आक्का ओसरी सारवायला बसली होती. धोंडा तिनं बाजूला सरकवला होता आणि त्याच्या फटीत अजून ती कात होती. वाळलेली, हलकी, वाऱ्यानं सळसळणारी.

विश्वंभरनं ती अलगद सोडवली. सात फूट होती, कुठं फाटलेली नव्हती. त्यानं तोंडाकडचा भाग उजेडात धरला.

वरच्या ओठावर, पुढच्या बाजूला, एक काळसर खपली होती. एक खवला वाकडा होता. तारेनं ओढलेली बारीक रेघसुद्धा तशीच उठून दिसत होती. जखम सगळी इथं आली होती.



“आक्का.”

“हं.”

“ही मी ठेवू का माझ्यापाशी? पोथीत घालून ठेवीन. रोज बघत जाईन.”

“कशाला?”

“माझ्या हातून काय झालं, ते विसरायला नको म्हणून.”

आक्का शेणाचा हात फिरवत होती. तिनं तो तसाच फिरवत खांबापर्यंत नेला, पाण्यात बुडवला, आणि मग मान वर केली. उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात मावशी भरल्या पोटानं झोपली होती.

“जिला लागलं,” आक्का म्हणाली, “तिनं न्हाई ठेवली.”